एसएसएम मल्टिकास्ट: चॅनल लागतो, तीन-चार मिनिटांनी गोठतो, स्विच रीबूट केला की परत चालू. हे कुठून येतं?

मल्टिकास्ट म्हणजे एकच प्रवाह तो मागणाऱ्या सगळ्यांना पोचवणं, आणि एसएसएम (सोर्स-स्पेसिफिक मल्टिकास्ट) म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता सांगून मागणं. लक्षण आधी सांगतो, तुमचं हेच असेल तर पुढे वाचा. आयपीटीव्हीचा (नेटवर्कवरून येणाऱ्या टीव्हीचा) चॅनल २३२ ने सुरू होणाऱ्या ग्रुपवर, म्हणजे मल्टिकास्टच्या पत्त्यावर, आहे, बॉक्स चालू केला की चित्र येतं, आवाज येतो, सगळे खूश, आणि मग दोन-चार मिनिटांत चित्र जागच्या जागी गोठतं. चॅनल बदलून परत आलात तर काळा पडदा. पिंग चालतंय, इंटरनेट चालतंय, एन्कोडरचे (व्हिडिओ नेटवर्कवर पाठवणाऱ्या डब्याचे) दिवे हिरवे. मग कोणीतरी त्या मजल्यावरचा स्विच रीबूट करतो, पाच-सात मिनिटांनी सगळं आपोआप सुरळीत, तिकीट बंद. आणि पुढच्या वेळी कुठेतरी कोअरला (मधल्या मुख्य राउटर-स्विचला) मेंटेनन्स झालं की परत तेच गाणं.

"स्विच खराब आहे, बदलून टाका" हा निष्कर्ष इथे हमखास निघतो, आणि तो अर्धा बरोबर असल्यामुळेच जास्त पैसे खातो. हार्डवेअरला काहीही झालेलं नसतं. झालेलं असतं एवढंच की रिसीव्हरच्या मागणीतून सोर्सचा पत्ता वाटेत गळून पडलेला असतो, आणि एसएसएममध्ये तो पत्ता नसेल तर राउटर त्या मागणीकडे ढुंकूनही बघत नाही.

थोडं मागे जाऊ, कारण हे डोक्यात बसल्याशिवाय पुढचे कमांड नुसते टाईप करून उपयोग नाही. जुन्या पद्धतीच्या मल्टिकास्टमध्ये रिसीव्हर फक्त म्हणतो "मला हा ग्रुप पाहिजे". पाठवणारा कोण ते त्याला माहीत नसतं, म्हणून मध्ये एक राँदेव्हू पॉइंट लागतो, सगळे त्याला आरपी म्हणतात, पाठवणारे आणि ऐकणारे तिथे भेटतात, राउटरमध्ये आधी स्टार-कॉमा-जी (कोणताही सोर्स, हा ग्रुप) एंट्री बनते आणि मग खरा सोर्स कळला की एस-कॉमा-जी (हाच सोर्स, हा ग्रुप). सोर्स-स्पेसिफिकमध्ये ही सगळी भानगडच नाही. रिसीव्हर पहिल्या फटक्यात सांगतो "१०.२०.४.१० कडून येणारा २३२.२०.५.११ पाहिजे, बाकी कोणाकडून नको". शेवटचा राउटर, म्हणजे रिसीव्हरच्या जवळचा, आपल्या साध्या युनिकास्ट राउटिंग टेबलमध्ये बघतो की १०.२०.४.१० कडे जायला कोणता रस्ता आहे, आणि त्या दिशेच्या शेजाऱ्याला पीआयएम (राउटर एकमेकांशी मल्टिकास्टबद्दल बोलतात तो प्रोटोकॉल) जॉइन पाठवतो. तो त्याच्या पुढच्याला, असं करत थेट सोर्सच्या राउटरपर्यंत. आरपी नाही, रजिस्टर (सोर्सची आरपीकडे नोंद) नाही, एमएसडीपी (आरपींनी एकमेकांना सोर्स कळवणं) नाही. ही कल्पना १९९९ मध्ये स्टॅनफर्डच्या होलब्रूक आणि चेरिटन यांनी एक्सप्रेस नावाने मांडली, २००६ मध्ये आरएफसी (इंटरनेटच्या मानकांचं कागदपत्र) ४६०७ आलं, आणि आयपीव्ही४ साठी २३२.०.०.० स्लॅश ८ ही रेंज त्याच्यासाठीच राखून ठेवलेली आहे.

म्हणजे सोपं झालं ना? झालं, पण फुकट नाही. सोर्स शोधायचं जे काम आधी नेटवर्क करायचं ते आता रिसीव्हरच्या डोक्यावर आलं. आणि रिसीव्हरला सोर्सचं नाव घेता येतं फक्त आयजीएमपी (रिसीव्हर राउटरकडे ग्रुप मागतो तो प्रोटोकॉल) व्हर्जन ३ मध्ये, जे २००२ च्या आरएफसी ३३७६ मधलं. व्हर्जन २ च्या रिपोर्टमध्ये सोर्स लिहायला जागाच नाही. इथेच आपला चोर लपलेला आहे.

आयजीएमपीमध्ये क्वेरियर नावाचा प्रकार असतो. व्हीलॅनमधला (स्विचवर वेगळ्या पाडलेल्या नेटवर्कमधला) एक राउटर दर थोड्या वेळाने विचारतो "कोणाला काय पाहिजे ते सांगा", आरएफसीच्या डिफॉल्टने दर १२५ सेकंदांनी, सिस्कोच्या आयओएसवर दर ६० ला. होस्ट, म्हणजे टीव्ही बॉक्स किंवा कॉम्प्युटर, उत्तर देतात. नियम असा की होस्टने व्हर्जन २ ची क्वेरी ऐकली की त्याने त्या इंटरफेसवर व्हर्जन २ मध्येच बोलायचं, का तर समोरचा जुना आहे, त्याला ३ कळणार नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकाला मराठी येत नाही म्हणून अख्खी मीटिंग हिंदीत जाते ना, अगदी तसं. आणि व्हर्जन २ मध्ये बोलायचं म्हटलं की "१०.२०.४.१० कडून" हा भाग उडाला, उरलं फक्त "२३२.२०.५.११ पाहिजे". राउटरसाठी २३२ म्हणजे एसएसएमची रेंज, तिथे सोर्स नसलेला रिपोर्ट तो सोडून देतो. गंमत म्हणजे ॲप्लिकेशनला ह्याचा पत्ताही लागत नाही, सॉकेटवर सोर्ससकट जॉइन मागितलं, कर्नलने हो म्हटलं, एरर काही नाही, खाली तारेवर मात्र वेगळंच गेलं.

मग चित्र लगेच का जात नाही? कारण राउटरने आधीचा व्हर्जन ३ चा रिपोर्ट लिहून ठेवलेला असतो आणि त्याची मुदत असते. दोन क्वेरींचा वेळ अधिक उत्तराला दहा सेकंद, १२५ च्या हिशोबाने २६० सेकंद, सिस्कोच्या ६० ने १३०. तेवढा वेळ पॅकेट येत राहतात, मुदत संपली की राउटर वरच्याला प्रून (आता नको असा निरोप) पाठवून मोकळा. म्हणून फ्रीज व्हायला लागणारा वेळ साधारण घड्याळ लावून मोजा, बँडविड्थचा प्रॉब्लेम असा ठरलेल्या वेळेवर येत नाही, टायमरचा येतो. अंदाजे सव्वादोन किंवा सव्वाचार मिनिटांच्या आत नियमित मरत असेल तर एन्कोडरकडे बघूच नका.

आता ही व्हर्जन २ ची क्वेरी पाठवतं कोण. बऱ्याचदा एखादा ॲक्सेस स्विच, ज्याच्यावर कधीकाळी कोणीतरी आयजीएमपी स्नूपिंग (स्विचने हे मेसेज ऐकून मागणाऱ्या पोर्टवरच चॅनल पाठवणं) क्वेरियर चालू करून ठेवला होता, कदाचित तेव्हा त्या व्हीलॅनमध्ये राउटर नव्हता म्हणून, आणि त्याचं डिफॉल्ट व्हर्जन २. रोजच्या दिवशी तो गप्प असतो कारण राउटरच्या क्वेरी ऐकू येतात. कोअर रीलोड झाला, लिंक पडली, स्पॅनिंग ट्रीने (स्विचमधले लूप टाळणाऱ्या प्रोटोकॉलने) थोडा वेळ खाल्ला, की त्याला वाटतं साहेब गेले, आता आपणच. आणि राउटर परत आल्यावर तो खुर्ची सोडेलच असं नाही, कारण क्वेरियरच्या इलेक्शनमध्ये ज्याचा आयपी लहान तो जिंकतो. आपल्याकडे गेटवेला .२५४ द्यायची हौस फार, आणि स्विचचा मॅनेजमेंट आयपी त्याच व्हीलॅनमध्ये .११. जिंकला कोण? राउटर हे इलेक्शन मानो किंवा व्हर्जन जुळत नाही म्हणून लॉगमध्ये कुरकुर करो, होस्टना त्याचं काही पडलेलं नसतं, त्यांनी व्हर्जन २ ऐकलं की ते उतरले खाली. स्विच रीबूट केला की त्याची क्वेरी थांबते, होस्टचा जुनं-व्हर्जन-हजर-आहे हा टायमर संपतो, ते परत ३ वर येतात, राउटरच्या पुढच्या क्वेरीला सोर्ससकट उत्तर देतात आणि चित्र येतं. रीबूटनंतरची ती पाच-सात मिनिटं ह्यातच जातात. वायफाय कंट्रोलर आणि घरगुती पद्धतीचे छोटे राउटर हेही तितकेच गुन्हेगार, कॉन्फरन्स रूममध्ये कोणीतरी टेबलाखाली लावलेला डबा मी ह्यात वेगळा धरत नाही.

पकडायचं कसं. ज्या व्हीलॅनमध्ये टीव्ही आहेत त्यात एक लिनक्स लॅपटॉप लावा आणि वायरशार्कमध्ये (पॅकेट बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये) आयजीएमपी एवढाच फिल्टर टाकून पाच मिनिटं गप्प बसा. २२४.०.०.१ ला जाणाऱ्या क्वेरी दिसतील. प्रत्येक क्वेरीचा सोर्स आयपी आणि मॅक (कार्डचा हार्डवेअर पत्ता) बघा, आणि आयजीएमपीच्या भागाची लांबी बघा. व्हर्जन २ ची क्वेरी ८ बाईटची असते, व्हर्जन ३ ची किमान १२ ची. वायरशार्क नाव लिहून देतोच पण लांबी बघायची सवय लावा, कधीकधी टीसीपीडम्पचं नुसतं टेक्स्ट समोर असतं. दोन वेगवेगळे सोर्स आयपी दिसले आणि त्यातला एक ८ बाईटवाला असला की केस संपली, तो मॅक स्विचच्या मॅक टेबलमध्ये शोधत शोधत पोर्टपर्यंत जायचं. सोर्स आयपी ०.०.०.० दिसला तरी घाबरू नका, आयपी न दिलेला स्नूपिंग स्विच अशी क्वेरी पाठवतो, इलेक्शनमध्ये तो मोजायचा नसतो पण होस्ट त्याचं ऐकू शकतो, म्हणून ह्या शोधात तोही धरायचा.

रिपोर्टच्या बाजूनेही खात्री करता येते. व्हर्जन ३ चे रिपोर्ट सगळे २२४.०.०.२२ ला जातात आणि आत रेकॉर्ड असतं, नवीन जॉइनला "अलाव न्यू सोर्सेस", खाली १०.२०.४.१०. व्हर्जन २ चा रिपोर्ट मात्र थेट त्या ग्रुपच्याच पत्त्यावर जातो, म्हणजे डेस्टिनेशनमध्येच २३२.२०.५.११ दिसलं की समजायचं होस्ट खाली उतरलाय.

होस्टवर लिनक्स असेल तर पॅकेट पकडायचीही गरज नाही. प्रोक खाली नेटमध्ये आयजीएमपी नावाची फाईल आहे, ती कॅट करा. इंटरफेसच्या ओळीत शेवटी व्ही३ किंवा व्ही२ लिहिलेलं असतं, आणि खाली ग्रुप हेक्समध्ये, इंटेलच्या मशीनवर उलटे. २३२.२०.५.११ तिथे ०बी०५१४ई८ असं दिसतं, शेवटचा ई८ म्हणजे २३२, तेवढं ओळखलं की पुरे. शेजारीच एमसीफिल्टर नावाची फाईल आहे, त्यात ग्रुपसमोर सोर्स दिसतो. एमसीफिल्टरमध्ये सोर्स आहे आणि इंटरफेससमोर व्ही२ आहे, ह्या दोन ओळी शेजारी शेजारी ठेवून स्क्रीनशॉट काढा, ॲप्लिकेशनवाले आणि नेटवर्कवाले एकमेकांकडे बोट दाखवायचं लगेच थांबवतात.

स्विचच्या स्नूपिंग टेबलवर मात्र ह्या वेळी विश्वास ठेवू नका. होस्ट व्हर्जन २ चे रिपोर्ट पाठवतच असतो, स्विच ते इमानदारीने लिहून घेतो, त्यामुळे तिथे ग्रुप दिसतो, पोर्ट दिसतो, सगळं छान. राउटरवर शो आयपी आयजीएमपी ग्रुप्स डिटेल मारा, तिथे ग्रुप गायब असतो किंवा त्याखाली सोर्सची यादी रिकामी. स्विचवर आहे आणि राउटरवर नाही, ही ह्या दुखण्याची खूण.

उपाय. तो क्वेरियर बंद करा, किंवा ठेवायचाच असेल तर व्हर्जन ३ वर आणा. गेटवेच्या इंटरफेसवर व्हर्जन ३ स्पष्ट लिहा, सिस्कोच्या आयओएस आणि ज्युनिपरच्या जुनॉसवर डिफॉल्ट २ आहे, एरिस्टा आणि एफआरआर (ओपन सोर्स राउटिंग सॉफ्टवेअर) वर ३, त्यामुळे मिक्स नेटवर्कमध्ये एका मजल्यावर चालतं आणि दुसऱ्यावर नाही असं होतं. आयओएसवर आयपी पीआयएम एसएसएम डिफॉल्ट ही ओळही लागते, नाहीतर २३२ ला तो साध्या ग्रुपसारखंच वागवतो आणि आरपी शोधत बसतो. जमलं तर गेटवेचा आयपी व्हीलॅनमधला सगळ्यात लहान ठेवा. आणि हे टेम्प्लेटमध्ये टाका, नाहीतर पुढच्या वर्षी नवीन स्विच आला की तो जुनीच कॉन्फिग घेऊन येईल.

एक शॉर्टकट बरेच जण सुचवतात, लिनक्सवर फोर्स-आयजीएमपी-व्हर्जन ही सेटिंग ३ करा म्हणून. नव्या कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलंय की ३ ची वागणूक डिफॉल्ट ० सारखीच आहे, म्हणजे जुनी क्वेरी आली की तो खाली उतरणारच. आयपीव्ही६ कडे एमएलडीची (तिथल्या आयजीएमपीची) तशीच सेटिंग आहे, ती मात्र खरंच जुन्या मेसेजकडे दुर्लक्ष करते, त्यावरून लोकांचा गैरसमज होतो. होस्टवर मलमपट्टी करून हे बरं होत नाही, क्वेरियर शोधावाच लागतो.

समजा वायरशार्कमध्ये एकही क्वेरी दिसली नाही. तर मग हे दुसरं दुखणं, लक्षण तंतोतंत तेच. व्हीलॅनमध्ये स्नूपिंग चालू आहे पण क्वेरियरच नाही, विशेषतः एन्कोडर आणि टीव्ही एकाच व्हीलॅनमध्ये असले आणि गेटवेवर पीआयएम लावलेलं नसलं तर. होस्ट सुरुवातीला स्वतःहून दोनदा रिपोर्ट पाठवतो, स्विच पोर्ट जोडतो, नंतर कोणी विचारतच नाही म्हणून कोणी उत्तर देत नाही, आणि मुदत संपल्यावर स्विच पोर्ट काढून टाकतो. इथे लोक स्नूपिंगच बंद करतात. चित्र येतं खरं, पण एचडी चॅनल सात-आठ एमबीपीएसचा धरला आणि पंधरा-वीस चॅनल असले की तो सगळा पूर प्रत्येक प्रिंटरच्या आणि शंभर एमबीपीएसवाल्या आयपी फोनच्या पोर्टवर जातो. क्वेरियर लावा, स्नूपिंग राहू द्या.

खूप जुने स्विच तिसरीच गंमत करतात, त्यांचं स्नूपिंग फक्त व्हर्जन २ ओळखतं, २२४.०.०.२२ वरचा रिपोर्ट त्यांना कळतच नाही. ह्यांच्याशी भांडू नका, ते खरंच बदलायचे.

चॅनल कधी आलाच नाही, मिनिटभरसुद्धा नाही, तर गोष्ट वेगळी. शेवटच्या राउटरवर ग्रुप आणि सोर्स नीट दिसतोय ना बघा, दिसत असेल तर आता वर चढायचं. शो आयपी आरपीएफ आणि पुढे सोर्सचा आयपी, म्हणजे राउटर सांगेल की १०.२०.४.१० कडे तो कोणत्या इंटरफेसने आणि कोणत्या शेजाऱ्याकडून बघतोय. त्या इंटरफेसवर पीआयएम चालू आहे का, तो शेजारी पीआयएम नेबर टेबलमध्ये आहे का, हे दोनच प्रश्न. युनिकास्ट रस्ता फायरवॉलमधून जात असेल आणि फायरवॉलवर पीआयएम नसेल तर जॉइन तिथेच मेलं. एक फार फसवी केस म्हणजे स्टॅटिक रूटचा नेक्स्ट हॉप एचएसआरपीच्या (दोन राउटर मिळून एकच गेटवे दाखवतात त्या प्रोटोकॉलच्या) व्हर्च्युअल आयपीवर दिलेला असतो. पिंगला काही फरक पडत नाही, पण पीआयएमचे हॅलो खऱ्या इंटरफेस आयपीवरून येतात, व्हर्च्युअल आयपी नावाचा शेजारी टेबलमध्ये नसतोच, आणि जॉइन पाठवायचं कोणाला हे राउटरला कळत नाही. मल्टिकास्टपुरता खऱ्या आयपीवर स्टॅटिक एमराउट (मल्टिकास्टपुरता रस्ता) टाका किंवा सरळ ओएसपीएफ (राउटर रस्ते आपोआप शिकतात तो प्रोटोकॉल) चालवा. ह्या सगळ्यात शो आयपी पीआयएम आरपी मारत बसू नका, जुन्या सवयीने हात तिकडे जातो, पण एसएसएमला आरपीचा काही संबंध नाही.

सोर्सच्या राउटरपर्यंत एस-कॉमा-जी एंट्री पोचली आहे आणि काउंटर शून्य, तर एन्कोडरची टीटीएल (पॅकेट किती राउटर ओलांडू शकतं तो आकडा) बघा. मल्टिकास्ट सॉकेटची डिफॉल्ट टीटीएल १ असते, पहिल्याच राउटरवर पॅकेट मरतं. शेजारी लॅपटॉप लावून व्हीएलसीवर बघितलं की मस्त चालतं, कारण मध्ये राउटर नाही. एन्कोडरच्या वेबपेजवर कुठेतरी कोपऱ्यात ती सेटिंग असते, १६ किंवा ३२ करा.

आणि एन्कोडर बदलला असेल तर? नवीन एन्कोडर, ग्रुप तोच, पोर्ट तोच, आयपी मात्र १०.२०.४.१२. जुन्या मल्टिकास्टमध्ये कोणाला कळलंही नसतं. इथे सगळे टीव्ही अजून .१० ला हाका मारताहेत. मिडलवेअरच्या (बॉक्सना चॅनलची यादी देणाऱ्या सर्व्हरच्या) चॅनल लिस्टमध्ये सोर्स बदलावा लागतो, नाहीतर नव्या एन्कोडरला जुनाच आयपी द्यायचा, हे बरं. बॅकअप एन्कोडर ठेवणारे काही जण दोन्ही ठिकाणी मुद्दाम एकच सोर्स आयपी ठेवतात आणि कोणता जिवंत हे राउटिंगवर सोडतात, ते चालतं, फक्त मेलेल्याचा रूट वेळेत मागे घेतला गेला पाहिजे.

रिसीव्हर सर्व्हर असेल, दोन नेटवर्क कार्डवाला, तर अजून एक अडथळा. टीसीपीडम्पमध्ये पॅकेट येताना दिसतात आणि ॲप्लिकेशनला एकही मिळत नाही. लिनक्सचा आरपी-फिल्टर बघा (इथे आरपी म्हणजे रिव्हर्स पाथ, राँदेव्हू पॉइंट नाही), १ म्हणजे कडक, सोर्सकडे जायचा रस्ता दुसऱ्या कार्डने असेल तर ह्या कार्डवर आलेलं पॅकेट तो आवाज न करता टाकून देतो. २ करा किंवा सोर्सचा रूट योग्य कार्डवर घाला. जॉइन करतानाही इंटरफेस स्पष्ट द्या, नाहीतर रिपोर्ट डिफॉल्ट रूटच्या कार्डने जातो.

राहता राहिले ते जुने सेट-टॉप बॉक्स ज्यांना व्हर्जन ३ येतच नाही आणि ज्यांचा फर्मवेअर आता कोणी देत नाही. त्यांच्यासाठी शेवटच्या राउटरवर एसएसएम मॅपिंग असतं, बॉक्सने नुसता ग्रुप मागितला की राउटर आपल्या यादीतून सोर्स स्वतः जोडतो आणि पुढे नेहमीसारखं एस-कॉमा-जी जॉइन पाठवतो. इंटरफेसवर व्हर्जन ३ तरीही लागतंच. यादी स्टॅटिक लिहा किंवा डीएनएसवरून द्या, शेवटचे राउटर पाच-सहापेक्षा जास्त असतील तर डीएनएसच बरं, कारण एन्कोडरचा आयपी बदलला की प्रत्येक राउटरवर जाऊन ओळ बदलायला कोणाला आठवत नाही. आणि मॅपिंग लावलं की वरचा व्हर्जन २ वाला क्वेरियर झाकला जातो, चॅनल चालतो पण क्वेरियर तिथेच असतो, म्हणून आधी तो काढा आणि मग मॅपिंग लावा.